अल्टिमाचा नववा भाग: खेळावा की कपाटातच ठेवावा?

अल्टिमा ही जुन्या कॉम्प्युटर गेमची मालिका. तिच्याबद्दल आलेला प्रश्न असा आहे: "मी पारोळ्याचा, धुळ्याला डिप्लोमाला आहे. वय २०. अल्टिमाचा चौथा आणि सातवा भाग पूर्ण केला. नववा सेलमध्ये घेऊन ठेवलाय, पण ज्याला विचारावं तो म्हणतो, खेळू नको, आधीच्या भागांची गोडी जाईल. शिवाय विंडोज ११ वर सुरू केला की काळा पडदा येतो आणि नुसता आवाज चालू राहतो. नादी लागू की सोडून देऊ?"

भाऊ, वयाने तू माझ्या पोरासारखा, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको. जळगावात १९९८ पासून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आता निम्मं काम सीसीटीव्ही आणि प्रिंटरचंच असतं, पण जुना गेम नव्या मशीनवर उभा करून देणं हा माझा आवडता उद्योग. त्यात पैसा नाही, उलट बायकोची बोलणी आहेत. नववा अल्टिमा मी आजवर सहा-सात वेगवेगळ्या मशीनवर चालवलाय आणि दोन वेळा शेवटपर्यंत खेळलोय. एकदा चिडून, एकदा शांतपणे. ह्या दोन वेळांत जो फरक पडला तोच सांगायचाय.

तू एक प्रश्न विचारलास, पण त्यात दोन आहेत. काळ्या पडद्याचं औषध आहे, ते खाली देतो. खरी अडचण दुसरी. ज्या गोष्टीवर जीव जडलाय तिचा शेवट बिघडलाय असं चार जण सांगतात, तेव्हा तो स्वतः बघायचा की नाही? माझं उत्तर: बघायचा, पण आज नाही. आधी पाचवा भाग खेळ, मग नववा उघड.

आपल्याकडे श्रावणातल्या रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिला निरोप देतात. तिच्या रोटांचा, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचा, नियम आमच्या घरी अजून पाळतात: ते भाऊबंदांतच खायचे आणि ठरल्या दिवसाच्या आत संपवायचे. पाहुण्याला पुरणपोळी वाढतील, रोट नाही. पाहुण्याला त्याची चव कळणारही नाही, कारण तो कोरडाच लागतो. नववा अल्टिमा तसा आहे. बाहेरच्या माणसाला कोरडा. घरच्याला मात्र तो कशाचा आहे हे माहीत असतं. तू चौथा आणि सातवा संपवलास म्हणजे उंबऱ्याच्या आत आलास, अजून पंगतीला बसला नाहीस एवढंच.

काही गोष्टी मात्र मी इथे बसून ठरवू शकत नाही. तुझ्या लॅपटॉपमध्ये कोणतं ग्राफिक्स आहे, परीक्षा कधी आहे, आणि मुख्य म्हणजे तू हे गेम कशासाठी खेळतोस. लढाईसाठी खेळत असशील तर नववा सोडून दे. माऊस दाबत राहायचं आणि तलवार फिरत राहते, त्यात राम नाही. संवादांसाठी खेळत असशील तरी मन घट्ट करावं लागेल. पण नुसतं त्या मुलखात हिंडायला, दुसऱ्याच्या घरात शिरून मडकी उघडून बघायला आवडत असेल, तर पुढचं सगळं तुझ्यासाठीच आहे.

आधी चौथ्याबद्दल थोडं, कारण नवव्याचं सगळं दुखणं तिथूनच कळतं. पहिला अल्टिमा १९८१ चा. पहिल्या तीन भागांत नेहमीचाच मामला होता: कोणीतरी दुष्ट आहे, त्याला मारा. १९८५ साली चौथा आला आणि त्यात मारायला मुख्य शत्रूच नव्हता. सत्य, प्रेम, धैर्य ही तीन तत्त्वं आणि त्यांतून निघालेले आठ सद्गुण: प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म, नम्रता. हे अंगी बाणवून 'अवतार' व्हायचं, एवढाच खेळ. सुरुवातीला ती जिप्सी बाई पत्ते मांडून पेचात पाडणारे प्रश्न विचारते आणि तुझ्या उत्तरांवरून तू कोण ते ठरतं. शेवटी खोल विवरात उतरल्यावर राक्षस भेटत नाही, प्रश्न भेटतो.

मी तो पहिल्यांदा खेळलो तेव्हा दुकान नवीन होतं. सीडी अर्थातच कोणाकडून तरी उतरवून आणलेली. प्रामाणिकपणाचा खेळ चोरीच्या सीडीवर! तेव्हा ह्यात काही विनोद आहे असं वाटलंही नाही. त्यात औषधी मुळ्या विकणारी बाई आंधळी आहे. माल घेतला की ती किंमत सांगते आणि पैसे तू स्वतः मोजून द्यायचे. कमी दिलेस तरी ती काही म्हणत नाही. मी धंद्यात नवा, हुशार समजत होतो स्वतःला. प्रत्येक खेपेला एकच मोहोर टाकायचो. दोन आठवडे कोणी हटकलं नाही. मग राजवाड्यातल्या हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याला जाऊन विचारलं की प्रामाणिकपणात माझी प्रगती किती, आणि त्याने माझी अशी काढली की मी उठून शटर अर्धं खाली ओढलं. शेजारचा झेरॉक्सवाला, धरणगावकडचा, मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "काय भो, हाई गेम शे का शाळा शे?" मला आजही ह्या मालिकेचं ह्याहून नेमकं वर्णन सापडलेलं नाही.

पुढे गंमत अशी झाली की ह्या शाळेनेच आपले धडे तपासायला घेतले. पाचव्या भागात (१९८८) राजा बेपत्ता आहे आणि गादीवर बसलेल्या ब्लॅकथॉर्नने त्याच आठ सद्गुणांचे कायदे केलेत. खोटं बोललास तर जीभ जाईल, ह्या थाटाचे. म्हणजे तू चौथ्यात कष्टाने जे कमावलंस त्याचाच दंडुका झालाय. सहाव्यात (१९९०) कळतं की ज्या गार्गॉइलांना आपण भुतं समजून कापत होतो, त्यांच्या पोथीत आपणच विनाश घेऊन येणारे खोटे प्रेषित आहोत. सातवा (१९९२) तू खेळलायस: ट्रिन्सिकच्या तबेल्यातला खून, गोडबोल्यांचा तो फेलोशिप नावाचा पंथ आणि पडद्याआडून बोलणारा गार्डियन. चौथ्याने उत्तर दिलं आणि पुढच्या प्रत्येक भागाने त्या उत्तराची परीक्षा घेतली. ही साखळी लक्षात ठेव.

आता नववा असा का झाला, ते. मालिकेचा जनक रिचर्ड गॅरियट, स्वतःला 'लॉर्ड ब्रिटिश' म्हणवणारा. त्याचे वडील ओवेन गॅरियट १९७३ मध्ये स्कायलॅबवर राहून आलेले अंतराळवीर, आणि २००८ साली हा स्वतःही सोयूझमधून अंतराळ स्थानकावर जाऊन आला. सांगायचं कारण, हा माणूस 'एवढंच जमेल' म्हणून थांबणाऱ्यांतला नाही. त्याची कंपनी ओरिजिन १९९२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने घेतली. आठवा भाग १९९४ ला घाईत आला आणि चाहते नाराज झाले. नवव्याचं काम सुरू झालं, पण मधेच 'अल्टिमा ऑनलाइन' नावाचं प्रकरण मोठं व्हायला लागलं आणि माणसं तिकडे ओढली गेली. १९९७ ला ते बाहेर पडून तुफान चाललं. तोवर इकडे थ्रीडी कार्डांचं युग आलं होतं. मग नवव्याचं इंजिन बदला, कॅमेरा वरून काढून अवताराच्या पाठीमागे आणा, सोबत्यांचा जथा काढून टाका, कथा पुन्हा लिहा. असं करत करत पाच वर्षं गेली आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये, नाताळच्या बाजाराला पोचावा म्हणून, तो अर्धाकच्चा बाहेर काढला. पुढच्याच वर्षी गॅरियट कंपनीतून बाहेर पडला आणि २००४ मध्ये ओरिजिनला कुलूप लागलं.

माझ्या धंद्यातला माणूस हे वाचून लगेच ओळखेल. गिऱ्हाईक म्हणतं, मदरबोर्ड बदला. बदलला की म्हणतं, आता कॅबिनेट पण नवीन बसवा, पण डेटा तसाच राहू द्या आणि संध्याकाळी पाचला द्या. पाचला तू मशीन देतोस. चालू होतं. पण तुला माहीत असतं की आत दोन स्क्रू कमी आहेत.

ते कमी पडलेले स्क्रू कुठे दिसतात? पहिलं म्हणजे आठव्याच्या शेवटी अवतार परततो तेव्हा गार्डियनने मुलूख जिंकून आपले प्रचंड चेहरे कोरून ठेवलेले दिसतात. नववा सुरू होतो तो अवताराच्या पृथ्वीवरच्या घरात, जणू मधे काही घडलंच नाही. दुसरं म्हणजे नकाशा आकसलाय. ज्या शहरांमधे आधी दिवसाचा प्रवास वाटायचा ती आता जळगाव ते भुसावळसुद्धा नाही, आपल्या गल्लीतून मागच्या गल्लीत जावं इतकी जवळ आहेत. आणि तिसरं सगळ्यांत बदनाम. पॅलडिन म्हणजे सद्गुणांसाठी लढणारा योद्धा. अवतार एका ठिकाणी विचारतो, पॅलडिन म्हणजे काय? अरे, आठ भाग ज्याने पॅलडिनांच्या खांद्याला खांदा लावून काढले तो हे विचारतो! रावेरात तीस वर्षं केळी लावलेल्या माणसाने कापणीच्या दिवशी विचारावं, घड म्हणजे काय हो? कारण उघड आहे. पहिल्यांदाच डबा उघडणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला सगळं समजावं म्हणून जुन्या नायकाला अडाणी केलं. शेवटचा भाग नव्या माणसासाठी लिहायला गेले आणि घरच्यांनाच पाहुणं करून टाकलं. पहिल्या खेपेला मी ह्याच वाक्यावर चिडून दोन महिने गेम बंद ठेवला होता.

मग चांगलं काय उरलं? मुलूख. १९९९ च्या मानाने तो मुलूख म्हणजे चमत्कार होता. शहरातून बाहेर पडलास, जंगलात शिरलास, समुद्रावर आलास, तरी मधे कुठे 'थांबा, लोड होतंय' नाही. सकाळी ऊन चढतं, रात्री दिवे लागतात. टेबलावरची ताटली उचलता येते, पेटी सरकवता येते, एकावर एक ठोकळे रचून छपरावर चढता येतं. आणि जे बनवणाऱ्यांच्या डोक्यातही नसेल ते लोकांनी केलं: पावाचा पूल. पाव पाण्यावर ठेवला तर तो तिथेच राहतो आणि त्यावर पाय देता येतो, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. मग एक पाव ठेवायचा, त्यावर उभं राहायचं, पुढचा ठेवायचा.

मीही केलं ते, दुसऱ्या खेपेला. पोतंभर पाव गोळा केले. किनाऱ्यावर पहिला ठेवला तेव्हा हसू येत होतं, पण वीस-पंचवीस पाव झाल्यावर मागे वळून बघितलं तर किनारा लांब राहिलेला, खाली काळंनिळं पाणी, समोर संध्याकाळ आणि पोत्यात थोडेच पाव शिल्लक. पुढे जायचं तर मागचे पाव उचलून आणायला हवेत, म्हणजे परतीची वाट आपणच खात जायची. तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी खुर्चीच्या टोकावर बसलो होतो. कुठल्याही लेखकाने लिहिलेल्या संवादाने त्या गेममध्ये मला असं बसवलं नाही. सातव्यात तू पीठ, पाणी, भट्टी करून पाव भाजला असशीलच. तोच पाव इथे असा कामी आला, म्हणून मला तो पूल चूक वाटत नाही, वारसा वाटतो.

आता पुढचा परिच्छेद शेवट फोडतो. नको असेल तर तो सोडून 'काळा पडदा' म्हणतो तिथून वाच.

नवव्यात देशभर आठ प्रचंड खांब उभे राहिलेत आणि ते एकेक सद्गुण उलटा करताहेत. करुणेचं म्हणून ओळखलं जाणारं ब्रिटन शहर आपल्याच दीनदुबळ्यांना दूर लोटतं, अशी तऱ्हा. विवरांत उतरून खांबांचा बंदोबस्त करायचा आणि वेदी शुद्ध करायच्या. आठ वेळा तेच, त्यामुळे मधे कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू. पण शेवटी उलगडतं की गार्डियन परका नाहीच. तू अवतार झालास तेव्हा तुझ्यातून जे वाईट बाहेर टाकलं गेलं, तोच हा. तुझाच अर्धा भाग. त्याला मारायचं तर तुलाही जावं लागतं, आणि अवतार संहाराचा मंत्र म्हणून दोघांनाही संपवतो. भागाचं नाव आहे 'असेन्शन', म्हणजे आरोहण. आपल्याला ह्यात जे दिसेल ते तिकडच्या खेळाडूला चटकन दिसणार नाही. अवतार म्हणजे वरून खाली उतरणं. गॅरियटने शब्द आपल्याकडचा घेतला, पण दिशा उलटी धरली: साधा माणूस कष्टाने वर चढून अवतार होतो. आणि शेवटच्या भागाच्या नावातच 'वर जाणं' आलं. हे मुद्दाम केलं असेल किंवा नसेल, पण मला ते बसतं. पाचव्याने सांगितलं की सद्गुणांचा दंडुका होतो, सहाव्याने सांगितलं की दुसऱ्याच्या पोथीत तू राक्षस आहेस. मग नवव्याने सांगायचं तेच सांगितलं: राक्षस तुझ्याच पोटचा आहे. आंधळ्या बाईला एक मोहोर देणारा तो मीच होतो ना? तो कुठे गेला असं मला वाटत होतं? म्हणून माझं मत असं की नवव्याचा मुक्काम बरोबर आहे, रस्ता खड्ड्यांचा आहे. चिडून खेळलो तेव्हा मला फक्त खड्डे मोजता आले होते.

आणि ह्याचसाठी पाचवा आधी खेळ म्हणतो. नवव्यात ब्लॅकथॉर्न पुन्हा येतो. पाचवा खेळला नसशील तर तो तुला रस्त्यावरचा कोणीही दाढीवाला वाटेल. सहावा जमला तर उत्तम. सातव्याचा दुसरा भाग, सर्पबेटाचा, १९९३ चा, तो मोठा आहे, सुट्टीत घे. आठवा मात्र खेळायची सक्ती नाही. मी तीन वेळा सुरू करून तीनही वेळा त्या उड्या मारण्याच्या जागी सोडला. त्याची कथा वाचून घेतलीस तरी चालेल.

काळा पडदा. हे का होतं ते आधी समजून घे, म्हणजे यूट्यूबवर दिसेल ती फाइल टाकत बसणार नाहीस. नववा मुळात व्हूडू नावाच्या ग्राफिक्स कार्डांसाठी बांधला होता. त्या कार्डांची आपली बोली होती, ग्लाइड. डायरेक्टथ्रीडी ही मायक्रोसॉफ्टची बोली त्याला नंतर शिकवली, आणि तीही मोडकीतोडकी. पुढे डिसेंबर २००० मध्ये व्हूडू बनवणाऱ्या थ्रीडीएफएक्सने आपला कारभार एनव्हिडियाला विकला आणि ग्लाइड बोलणारं नवीन कार्डच निघेनासं झालं. म्हणजे तुझा गेम माझ्या आजीसारखा आहे, जिला फक्त अहिराणी येते, आणि समोर पुण्याहून बदलून आलेला बँकेचा साहेब. दोघं आपापल्या जागी बरोबर, पण काम होत नाही. मधे नातू बसवावा लागतो. तो नातू म्हणजे ग्लाइडचं रॅपर. ते गेमकडून ग्लाइड ऐकतं आणि आजच्या कार्डाला त्याच्या बोलीत सांगतं. एनग्लाइड आणि डीजीव्हूडू ही दोन चालतात, दोन्ही फुकट आहेत. मी आधी एनग्लाइड लावून बघतो कारण त्यात बटणं कमी. अडलं तर डीजीव्हूडू. दोन्ही एकदम लावू नको, दोन दुभाषे एकाच वेळी बोलायला लागले की काय होतं ते कुठल्याही लग्नाच्या बैठकीत दिसतं.

क्रम असा ठेव. गेम प्रोग्राम फाइल्समधून काढ आणि दुसरीकडे, डी ड्राइव्हवर साधा फोल्डर करून टाक. जुने गेम सेव्ह स्वतःच्याच फोल्डरात लिहितात, आणि प्रोग्राम फाइल्समध्ये विंडोज ते लिहू देत नाही किंवा भलतीकडेच नेऊन ठेवतं. मग आवृत्ती तपास, १.१८ असली पाहिजे; ती शेवटची अधिकृत दुरुस्ती आणि त्याआधीच्या प्रतींवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. मग रॅपर टाक आणि गेमच्या सेटिंगमध्ये डायरेक्टथ्रीडी सोडून ग्लाइड निवड. तुझ्या प्रतीत रॅपर आधीच दिलेलं असेल, तर फक्त ही निवडच चुकलेली असू शकते, म्हणून पहिल्यांदा तिथेच बघ. आवाज येतो आणि चित्र नाही, ह्याचा अर्थ गेम चालू आहे, फक्त त्याचं म्हणणं कार्डाला कळत नाही. हे चांगलं लक्षण आहे.

लॅपटॉपला दोन ग्राफिक्स असतील, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळं, तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ह्या गेमला त्यातलं एक ठरवून दे. कोणतं, ते मशीनवर आहे. माझ्याकडे आलेल्या एका लॅपटॉपवर महागडं कार्ड रुसलं आणि प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर गेम मुकाट चालला. व्हीसिंक, म्हणजे गेमचं चित्र पडद्याच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग, चालू ठेव. खेळताना आल्ट-टॅब दाबून व्हॉट्सॲप बघायला जाऊ नकोस, परत येशील तेव्हा गेम असेलच असं नाही. चाहत्यांनी केलेल्या दुरुस्त्याही आहेत, संवाद सुधारणाऱ्या आणि बाजारभाव ताळ्यावर आणणाऱ्या. त्या पहिल्या दिवशी लावू नको. आधी मूळ गेम तासभर नीट चालतो हे बघ, मग एकेक. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघडलं, तर कशाने बिघडलं ते मलाही सांगता येत नाही.

आणि सेव्ह. ह्यावर मी थोडा बोलणार, कारण इथे माझं हसं झालंय. २००० चा मे महिना. चुलतभाऊ अमेरिकेहून आला तेव्हा गेमचा डबा घेऊन आला, कापडी नकाशासकट. तो नकाशा अजून दुकानात काउंटरमागे टांगलाय, ऊन लागून एका बाजूने फिका पडलाय. व्हूडूचं कार्ड मी मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आणलं होतं, दुकानाच्या दोन महिन्यांच्या भाड्याइतक्या पैशांत. जळगावचा मे तुला सांगायला नको, पारा पंचेचाळीसला टेकलेला. कार्ड इतकं तापायचं की पंधरा मिनिटांत पडद्यावर रंगीत त्रिकोण नाचायचे. मी शहाणपणा केला: कॅबिनेटचं झाकण काढलं आणि वाळ्याचा कूलर सरळ त्याच्या तोंडाशी लावला. आठ दिवस स्वर्ग होता. नवव्या दिवशी काही दिसेना. कार्ड उपसून बघितलं तर खालच्या सोनेरी दातांवर हिरवट थर. ओली हवा, दुसरं काय! शाळेतल्या पोराचं खोडरबर घेऊन एकेक दात घासला, मऊ फडक्याने पुसला, परत बसवलं, चालू झालं. हा उपाय आजही रॅमवर चालतो, लिहून ठेव.

त्याच आठवड्यात लोडशेडिंग. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली, मी सेव्हचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी सगळं काळोखात. वीज आली तेव्हा सेव्हची फाइल होती, पण उघडेना. एकच सेव्ह ठेवून त्यावरच परत परत लिहीत होतो. तीन आठवडे, पाच वेद्या, सगळं पाण्यात. गिऱ्हाइकाला रोज 'बॅकअप ठेवा' सांगणारा मी. म्हणून दर वेदीनंतर नवीन नावाने सेव्ह कर, आणि झोपण्याआधी सगळा सेव्ह फोल्डर पेनड्राइव्हवर उतरव. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून निर्धास्त राहू नको; वीज जाणार नाही, पण हा गेम अधूनमधून स्वतःच जातो, १.१८ लावूनही.

वेळेचं म्हणशील तर सेमिस्टर चालू असताना नववा घेऊ नको. पाचवा घे, तो रोज अर्धा तास खेळला तरी चालतो, फक्त शेजारी वही-पेन ठेव, कारण कोण काय म्हणालं ते गेम लक्षात ठेवत नाही, तुलाच ठेवावं लागतं. चौथ्यात तू वही केली असशील तर तीच पुढे चालव. मी अजून ठेवलीय माझी, फुलस्केप, मागच्या पानांवर उधारीचा हिशेब आहे.

आज रात्री एवढंच कर: फोल्डर हलव, आवृत्ती बघ, सेटिंगमध्ये ग्लाइड निवड. तरीही काळाच राहिला, तर लॅपटॉपचं मॉडेल, दोन्ही ग्राफिक्सची नावं आणि कोणतं रॅपर लावलंस ते लिहून कळव. दुकान रात्री नऊला बंद होतं, त्यानंतर मी मोकळाच असतो.